धृपद धर, राजा

"काऊन उभा दारात? आत ये की रे… घर तुझंच हाय!" पुष्पाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि लेकाच्या, राजानंदच्या, हातात झांजांची जोडी ठेवली. अकरा वर्षं एका जुन्या लुगड्यात जपलेली!

त्या गार पितळेला बोटं लागली मात्र, राजानंदच्या अंतःकरणात सारं बालपण निनादलं… सायकलच्या दांडीवर बसून बाबांबरोबर वाटूरला केलेल्या फेऱ्या, चर्चच्या मंडळीपुढं रंगलेली ख्रिस्तकीर्तनं, आणि वरच्या स्वरात बाबांचा आवाज फाटला की मागून अलगद धृपद, कीर्तनाचं पालुपद, उचलणारा आपला कोवळा गळा!

मग राजानंदचा जीव पुरुषावरच जडतो हे मंडळीत कळलं, आणि मंडळीचे पंच अण्णासाहेब ओसरीवर येऊन बाबांना बोलले, "धर्मराज, असलं पोरगं घरात अन् तू वेदीपाशी कीर्तनाला… न्हाई जमायचं."

कीर्तन म्हणजे बाबांचा श्वास! तो तुटू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी राजानंद 'नोकरी लागली' असं खोटं सांगून पुण्याला निघून गेला. तिथं आपल्यासारख्यांना उराशी धरणाऱ्या एका लहानशा मंडळीत तो आता स्वतः कीर्तन करी.

"आवाज न्हाई राह्यला रे तुझ्या बाबांचा," आई म्हणाली. "पर दुसरा झांजवाला बिलकुल ठेवला न्हाई."

तेवढ्यात धर्मराज अंघोळ करून बाहेर आले. लेकाला पाहून जागीच थबकले… तोंडातून बाहेर आलं एवढंच, "जेवला का?"

दुपारी चर्चमध्ये कापणीच्या सणाचं कीर्तन होतं. राजानंद झांजा मांडीवर घेऊन पार मागे, चपलांपाशी बसला. बाबांनी बायबलातलं फिलिप्प आणि हबशी अधिकाऱ्याचं आख्यान लावलं. त्यातला 'षंढ' हा शास्त्रातला शब्द ते नेहमी गाळत. "बायामाणसं बसलेली असतात रे," म्हणत. आज मात्र…

"तो षंढ होता, मंडळी!" धर्मराज म्हणाले. "देवाच्या सभेत त्याला मज्जाव! तरी वाटेत पाणी दिसलं तसं त्यानं फिलिप्पाला विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत? फिलिप्प त्याला सोडून पळाला न्हाई… मी पळालो! माझ्या कीर्तनापायी माझं लेकरू घर सोडून गेलं, अन् ते उमजूनबी मी गात राह्यलो!"

अण्णासाहेब ताडकन उठले. "धर्मराज! पुन्हा या वेदीपाशी उभं राहायचं का न्हाई तुला?"

"नका राहू देऊ. आजचं तेवढं पुरं करतो." मग दाराकडे पाहत ते हळूच म्हणाले, "राजा, चपलांत काऊन बसला बाबा? ये… धृपद धर."

राजानंद उठला. भरल्या डोळ्यांना वाट दिसत नव्हती, पण पायांना ती पाठ होती! बाबांच्या पाठीमागे, अकरा वर्षं रिकाम्या राहिलेल्या त्या हातभर जागेत तो उभा राहिला.

"समोर पाणी, सांगा देवा, हरकत आता काय…"

वरच्या स्वरावर म्हातारा आवाज फाटला. आणि मागून झांजा वाजल्या.