बंदूक कलतीय तुमची

१९६४ साली साताऱ्याच्या चांदमारीवर आम्हा सांगलीच्या कॉलेजातल्या मुलींचं शिबिर भरलं होतं. नेमबाजी शिकवायला हवालदार हंबीरराव. पाचशे यार्डांवरून नारळ फोडणारा माणूस, अशी ख्याती. त्या सकाळी गोळीबार संपल्यावर त्यांच्या निशाणावरच्या भोकांना कागद डकवायला मला पाठवलं, आणि मी खळीचं भांडं धरून थिजलेच. दहाची दहा भोकं मधल्या काळ्यापासून हातभर उजवीकडे!

"वारा हुता," मागून आवाज आला. खुद्द हवालदार.

वारा? माझ्या वेणीतून सुटलेला केससुद्धा हलत नव्हता.

"बंदूक उजवीकडं कलतीय तुमची," मी म्हणाले. "लांबच्या नेमाला नळी जरा वर रोखावी लागती. बंदूकच कलली, तर ती वर रोखलेली नळी बाजूला वळती. जवळ कळत न्हाई, पाचशे यार्डांवर हातभर."

"कुणी शिकवलं ह्ये?"

"गवंड्याची लेक हाय मी. वाकडं दिसतंच मला."

ते पांढरे पडले. "हळू बोला, राहीबाई... सुभेदारसाहेबांना चार दिस झालं, कळलं न्हाई."

"म्हंजे... मुद्दाम?"

"व्हय." नजर बुटांवर. "रविवारी पलटणीच्या टीमची निवड हाय. निवडलं, तर दोन वर्सं महूला, पार मध्य प्रदेशात. सातारा-सांगली यष्टी हाय. महूला कंची यष्टी जाती?"

"सांगलीत कोण हाय तुमचं?"

त्यांनी वर पाहिलं... आणि माझ्या हातून खळ सांडली. त्यांच्याच बुटांवर.

"आवं, चार दिसांत तुमी मला 'श्वास धरा' एवढंच बोललाय!"

"तवाधरनं मीच धरून बसलोय."

मला हसू आलं, म्हणून मी रागावले. "माझ्यापायी नेम चुकवणारा नवरा नगं मला. रविवारी नीट मारा."

नवरा? हा शब्द कुठून आला, ते मलाही कळलं नाही. हवालदार मात्र सावधान उभे.

रविवारी त्यांनी दहाच्या दहा काळ्यात घातल्या. सुभेदार नाचायचे बाकी. मी टाळ्या पिटल्या, आणि मधेच हात थांबले — हा माणूस मी स्वतः महूला धाडला होता. शिकलेल्या मुलींचं असं होतं.

"झालं समाधान?" ते जवळ येऊन पुटपुटले. "आता... दोन वर्सं थांबाल?"

"न्हाई."

चेहरा पार उतरला.

"दोन वर्सं कशाला? परवा आमच्या गावी पलूसला या, आबांना विचारा. मीबी येते महूला."

मागे सुभेदारांच्या हातातली कपबशी फुटली. हवालदारांनी खाडकन टाचा जुळवल्या आणि मला कडक सलाम ठोकला.

डाव्या हाताने.