तिन्ही दारं एकाच खोलीत

आमचे गेम खेळून तपासणारी नेहमीची टेस्टर तापाने आडवी पडली, म्हणून त्या दिवशी तिच्या जागी तो आला. एरवी आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. मी व्हिडिओ गेम रचते. खेळाडूने कुठून जायचं, काय निवडायचं, कुठे फसायचं, ते सगळं आधी मी ठरवलेलं असतं. तो खुर्चीत बसला, कंट्रोलर हातात घेतला आणि माझ्या तीन सुंदर, उजळलेल्या दारांकडे पाठ फिरवून भिंतीवर धडका मारू लागला. थोड्याथोडक्या नाहीत, चांगली वीस मिनिटं!

"अहो, दारं तिकडे आहेत," शेवटी मी म्हणालेच.

"दिसली की. दिवे लावलेत ना तुम्ही." त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे असे मिस्कील, की राग यावा. "पण दिवा दिसला की मला शंका येते."

मग त्याने एकामागून एक तिन्ही दारं उघडून पाहिली.

"ही तिन्ही एकाच खोलीत उघडतात," तो म्हणाला.

"खेळाडूला कुठे कळतंय?"

"मला कळलं ना!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वेळा पुसूनपुसून रचलेली खोली होती ती. घरी जाताना बसमध्ये मात्र तेच मिस्कील डोळे आठवत होते, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

साहेबांनी त्याला तीन महिन्यांच्या करारावर ठेवून घेतलं. ऑफिसने त्याचं नाव धडक्या पाडलं. तो मला मास्तरीणबाई म्हणायचा, कारण मी म्हणे जगाला वाट दाखवत फिरते. खोटं कशाला बोलू, फिरतेच. चार माणसं सिनेमाला निघाली, तर कुठला सिनेमा ते मी आधीच ठरवते आणि मग सगळ्यांना विचारते.

"चहा घेणार की कॉफी?" मी त्याला विचारायची.

"काहीच नको म्हटलं तर?"

"तसा पर्याय नाहीये."

"मग हा आग्रह नव्हे, अटक आहे," असं म्हणून तो बेड्यांसाठी दोन्ही हात पुढे करायचा. मी त्या हातांत कप ठेवायची. बोटांना बोटं लागायची... आणि मग आम्ही दोघंही उगाचच कपाकडे बघत बसायचो. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंसुद्धा नाही.

त्या सोमवारी ऑफिसचा फोन मी उचलला. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीतून एक बाई बोलत होत्या. धडक्याने वर्षापूर्वी त्यांच्याकडे स्वतःच्या गेमची कल्पना पाठवली होती. ती त्यांना फार आवडली होती. त्याने तिथे यावं, तो गेम बनवावा, हाताखाली माणसं ते देतील. पण त्याचा जुना नंबर लागत नव्हता, मेलही परत येत होते, म्हणून कुणाकडून तरी पत्ता काढून त्यांनी आमच्याकडे फोन केला होता.

"निरोप द्याल का? शुक्रवारी पाचपर्यंत होकार हवा. नाहीतर आम्हाला दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल."

"देते की," मी म्हणाले. नंबर लिहून घेतला आणि ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. म्हटलं, जेवणानंतर सांगू. मग म्हटलं, उद्या सांगू. मंगळवारी तर मी तो ड्रॉवर उघडलाच नाही.

बुधवारी तो मला जिन्यात भेटला.

"परवा माझा करार संपतोय. साहेब म्हणतात, अजून दोन वर्षं थांब. सही करावी म्हणतोय."

"आणि... तुझा तो गेम?"

"ज्यांना पाठवला त्यांनी साधं उत्तरही दिलं नाही. भंगारच असणार." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत काही पोचलं नाही. "शिवाय इथे थांबायला एक कारण आहे माझ्याकडे."

"कुठलं?"

"शुक्रवारी सांगतो, सही झाल्यावर." आणि दोन-दोन पायऱ्या गाळत तो खाली पळाला.

हेच तर ऐकायचं होतं मला! मग आनंद का होईना? मी कठडा धरून बराच वेळ तिथेच उभी राहिले.

वहिनीपासून काही लपत नाही. गुरुवारी संध्याकाळी आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी आपलं गेमचं म्हणून सांगितलं. समजा, एका खेळाडूला एक दार दाखवलंच नाही. तो आहे तिथे सुखात राहिला. मग बिघडलं कुठे?

"वन्सं," वहिनी म्हणाली. चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते. "दार लपवल्यावर माणूस राहिला म्हणत नाहीत. कोंडला म्हणतात." मग तिने हातातली शेंग खाली ठेवली. "धडक्याच ना?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"सांगून टाक त्याला."

"आणि गेला तर?"

"गेला तर गेला. आता तरी कुठे तो तुझ्यासाठी थांबतोय? त्याला वाटतंय, आपली लायकीच एवढी."

हे मात्र मला फार लागलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मी सकाळपासून चारदा त्याच्या खोलीपर्यंत गेले आणि चारदा परत आले. पाचव्यांदा गेले तेव्हा सव्वाचार झाले होते. करार त्याच्यासमोर टेबलावर होता आणि तो पेनचं टोपण काढत होता.

"थांब!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवून मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

तो चिठ्ठीकडे बघत राहिला.

"फोन कधी आला होता?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

"का?"

"तू गेला असतास..."

"जायचं की नाही, ते मी ठरवलं असतं ना?" तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. "चार दिवस मी स्वतःला भंगार समजत होतो. आणि तू मला चहा आणून देत होतीस."

तो फोन घेऊन बाहेर गेला. काचेतून त्याची पाठ तेवढी दिसत होती. घड्याळाचा काटा पाचकडे सरकत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. एकदा त्याने मान हलवली, ती हो होती की नाही, मला कळेना. पाचला दहा कमी असताना तो आत आला.

"हो म्हटलं मी. सोमवारी निघतोय."

"छान झालं," म्हणता म्हणता मला रडू फुटलं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू थांबावंस म्हणून नाही सांगत... नाही, थांबलास तर हवंच आहे मला! पण जा तू. जाऊन तो गेम कर. गेलास तरी प्रेम आहेच."

त्याने कराराचे कागद नीट जुळवले.

"मी सांगणार होतो ते हेच होतं," तो म्हणाला. "पण आज नाही सांगवत. फार राग आलाय तुझा."

"येऊ दे."

"फोन करीन की नाही, तेही माहीत नाही."

"बरं," मी म्हणाले. त्याहून अवघड शब्द मी आजवर उच्चारलेला नाही.

तो गेला. पुढचे दिवस कसे काढले, ते माझं मला ठाऊक. त्याचा नवा नंबर माझ्याकडे होता. रोज हात शिवशिवायचे. काहीतरी साधंसं पाठवू, कामाचं निमित्त काढू, वहिनीला फोन करायला लावू... शंभर युक्त्या सुचल्या, आणि मी एकही केली नाही.

अकराव्या दिवशी, भर दुपारी फोन वाजला.

"राग गेला नाहीये अजून," पलीकडून तो म्हणाला. "पण तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. हे फार गैरसोयीचं आहे."

मी धीर करून विचारलं, "रविवारी तुला भेटायला येऊ का? नको असेल तर नको म्हण. मी खरंच येणार नाही."

तो खरोखर विचार करत होता. नको म्हणू शकत होता तो, आणि या वेळी माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. मी डोळे मिटून उभी राहिले.

"ये," तो म्हणाला.