उरलेलं लॉक

ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा, पण खोटं म्हणू नका. गोरक्ष माझा चुलतभाऊ. पिंपळवंडीत त्याचं गॅरेज आहे, आणि हे घडलं गेल्या वर्षी खंडेनवमीच्या भर दुपारी. रात्रीचं असतं तर मीच म्हणालो असतो, डोळ्यावर झोप होती.

त्या दिवशी गॅरेजातली हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, झेंडू वाहतात. मग दसरा उजाडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

पुसापुशीत गोरक्षने उरलेल्या सामानाचा डबा पालथा केला. असा डबा प्रत्येक मेकॅनिककडे असतो. गाडी जोडल्यावर एखादा नट उरला, की "चला, गाडी हलकी झाली" म्हणत त्यात टाकायचा.

डब्यातून एक लोखंडी कडी घरंगळली...

गिअरचा दांडा खाली अडकवून ठेवते ती. तिला लॉक म्हणतात. तिच्यावर हिरव्या रंगाचा ठिपका होता.

तो ठिपका त्यानेच दिला होता. ज्येष्ठात, संपतच्या जीपचा दांडा खोलताना.

संपत त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. आषाढात घाटघरच्या उतारावर त्याची जीप दरीत गेली, त्यातच तो गेला. लोक धुक्याला बोल लावून मोकळे झाले. पण संपतला वर काढलं तेव्हा दांडा त्याच्या मुठीत होता. उपटून आलेला. गोरक्षने ते पाहिलं आणि तोंड शिवून घेतलं.

आता तीच जीप पत्रा ठोकून त्याच्या दारात उभी होती. संपतची बायको वृषाली दसऱ्याला ती चालवत, पोरांना घेऊन माहेरी घाटघरला जाणार होती. "भावजी, दांडा लई हलतोय, तेवढा बघा," एवढंच ती म्हणाली होती.

गोरक्षने पाटावरची पक्कड उचलली.

"आरं, पूजेतलं हत्यार हाय ते," त्याची आई तुकाबाई दारातून म्हणाली. "उद्या कर की."

"पाच मिन्टाचं काम हाय, आये."

जीपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर त्याने पेपर पसरला. दांड्यावरची मूठ काढली, बुडाचं रबरी कव्हर म्हणजे बूट काढला, मग स्प्रिंग, बुश, शेवटी दांडा. निघेल तसं ओळीने मांडायचं आणि उलट क्रमाने बसवायचं, ही त्याची पद्धत. लॉकची खाच रिकामीच होती. पत्रा ठोकणाऱ्याने दांडा नुसता खोचून दिला होता.

त्याने लॉक बसवलं. सगळं बंद केलं. हात पुसले...

लॉक पेपरावर होतं.

पुन्हा खोललं. खाच रिकामी. पुन्हा बसवलं, बोटाने दाबून पाहिलं, पक्कं होतं. बूट चढवला...

लॉक पेपरावर.

त्याने परत सगळं उपसलं. रस्त्यावरचे आवाज कधी थांबले, त्याला कळलं नाही. कोंबडीसुद्धा ओरडत नव्हती.

आणि मग... खट-खट.

गाडी चालू करण्याआधी दांडा दोनदा डावीउजवीकडे हलवायची संपतची सवय होती. अख्ख्या गावाला तो आवाज माहीत होता.

दांडा तर पेपरावर पडला होता.

ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत गोरक्ष म्हणाला, "संपत, चुकलं. माझ्या हातनं राहिलं ते."

या वेळी लॉक बसलं. पेपर रिकामा राहिला.

संध्याकाळी वृषाली आली. "झालं का, भावजी?"

ओठावर आलेलं त्याने गिळलं. "झालं, वहिनी. बिनघोर जावा."

मेलेल्याला सांगितलं म्हणजे सुटलो, असं त्याला वाटलं. इथेच गडी फसला.

दसऱ्याला सकाळी त्याने पाटावरचे झेंडू बाजूला केले...

खाली लॉक होतं. हिरवा ठिपका वर.

ते खिशात टाकून त्याने फोन लावला. "वहिनी, कुठं हायसा?"

"घाटाच्या अलीकडं. पोरं आपट्याची पानं तोडत्यात. का वो?"

"गाडी चालू करू नका."

"बंदच हाय. आमी समदी खाली उतरलोय. चावी माझ्या हातात हाय."

तिच्या आवाजामागून...

खट-खट.

मग गोरक्षने सगळं सांगून टाकलं. डबा, लॉक, संपतच्या मुठीतला दांडा. पलीकडचा तो आवाज थांबला होता. मग वृषालीने फोन ठेवला.

जीप ओढून आणली. चार माणसांसमोर दांडा खोलला. मी तिथे होतो.

खाचेत लॉक होतं. हिरव्या ठिपक्यासकट, पक्कं.

गोरक्षने खिशात हात घातला आणि तळवा उघडला...

तेच लॉक तिथेही होतं.

वृषालीवहिनी आता गॅरेजवरून जाताना मान वळवत नाहीत. जीप मात्र त्याच चालवतात. गोरक्ष अजून गाड्या दुरुस्त करतो, पण काम झालं की आधी पेपर उचलून झटकतो, मगच चावी देतो.

परवा माझी गाडी दिली त्याने. पेपर माझ्यासमोर झटकला. काही पडलं नाही.

तरी घर येईपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.