इसिद्रोच्या गाडीचे दिवे

इसिद्रोची गाडी लेकीपेक्षा वयाने मोठी, आणि दोघींचे लाड तो सारखेच करी. मेव्हण्याच्या, बेनदादाच्या मयताला जाऊन परतताना गाडीचा पुढचा एक दिवा गेला, पाठोपाठ दुसरा. अंधाराआधी घर गाठायच्या नादात तो वाटेत थांबलाच नाही. फिलिपिन्सच्या बातांगासमध्ये मयताघरून थेट घरी कुणी येत नाही. आधी कुठेतरी चार घास खाऊन मागे लागलेलं झटकून टाकतात.

"घरात पोटुशी पोर, आणि तुला घाई सुचली," त्याची बायको फेलिसा तेव्हापासून ऐकवत होती. त्याने हसण्यावारी नेलं. पण लेक, आर्लीन, रात्र रात्र जागू लागली तसं त्याचंही धाबं दणाणलं.

नवे बल्ब आणून संध्याकाळी त्याने बॉनेट उघडलं. रबरी टोपी सोलली, तारेची क्लिप दाबून काळवंडलेला बल्ब काढला. नव्याच्या काचेला बोट लागलं तर तो लवकर उडतो, म्हणून रुमालात धरून बसवला. दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं आणि दिवे लावले.

समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. त्यात एक सावली होती. आखूड, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. त्याने दिव्याची काच पुसून पाहिली. मग स्वतः मध्ये उभा राहिला. त्याचीही सावली पडली. पहिली शेजारी तशीच राहिली.

"बेनदादा आहे तो," फेलिसा पुटपुटली. "शेवटच्या दिवसांत असाच बसायचा."

दोघं तडक गाडीत बसली. हमरस्त्यावरच्या खाणावळीत दाट रश्श्यातल्या शेवयांची गरम लोमी घशाखाली उतरवली. एक वाडगा बेनदादासाठी ठेवून फेलिसा हळूच म्हणाली, "दादा, तू आता इथेच राहा." निघताना दोघांनी कपडे झटकले.

घरी आल्यावर गाडी पुन्हा भिंतीसमोर लावली. भिंत कोरी होती. इसिद्रोला इतकं हायसं वाटलं की तो हसतच सुटला. फेलिसाने डोळे पुसले.

आर्लीन बाहेर आली.

"बाबा, आत्ता कुठे अंग हलकं वाटतंय."

त्याचा जीव भांड्यात पडला. वाढलेल्या पोटावर एक हात ठेवून ती फाटकाची कडी लावायला उजेडात आडवी वळली.

भिंतीवरची तिची सावली सडपातळ होती. तिचा हात पुढे, रिकाम्या जागेवर ठेवलेला होता.