चौथ्या मजल्यावरचा अर्धा डाव

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे खालून वर जाण्याचा इतिहास, असं लिफ्टमास्तरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी तळमजल्यावर, खुर्चीत बसून, सुजलेल्या उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून मांडलं.

लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या या माणसाची थोरली बहीण राहायची मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. धाप लागते म्हणून ताई खाली उतरत नसे. मास्तरांचा गुडघा दर पायरीला 'कट्' वाजून अडकायचा, म्हणून ते वर चढत नसत. दोन वर्षं ती बाल्कनीत आणि हे रस्त्यावर, अशाच भेटी चालल्या होत्या. आणि कॅरमची राणी वर, ताईच्या ताब्यात होती. शेवटचा डाव जिंकेल त्याने राणी जवळ ठेवायची, हा दोघांचा लहानपणापासूनचा कायदा.

"ये की वर, बाळ्या! का राणी टपालाने पाठवू?" ताई वरून ओरडली. अख्ख्या गल्लीसमोर. तेही मास्तरांच्या सदुसष्टाव्या वर्षी.

मास्तरांनी त्याच दिवशी सर्जनची वेळ घेतली.

सर्जनने प्लास्टिकचा गुडघा हातात धरून समजावलं. "आतली गादी फाटलीय. तिचा तुकडा सांध्यात अडकतो, म्हणून तो आवाज. दोन बारीक छिद्रं पाडायची. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. पाणी सोडून सांधा फुगवायचा, फाटका तुकडा काढायचा. संध्याकाळी घरी."

"म्हणजे भिंत न फोडता लिफ्टचा रोलर बदलायचा."

"तसंच," सर्जन म्हणाला. रोलर कुठे असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने उजव्या मांडीवर पेनाने बाण काढला. पाठीत इंजेक्शन बसलं आणि कमरेखालचं शरीर दुसऱ्याच कुणाचं तरी झालं. पडद्यावर मास्तरांना स्वतःचा गुडघा आतून दिसू लागला. पांढरीशुभ्र गुहा, पाण्यात हळूहळू डोलणारे कापसासारखे धागे. सदुसष्ट वर्षांच्या मानाने आतली रंगरंगोटी बरी टिकली होती.

मग त्यांना जाणवलं, उजवा पाय पायरी चढतोय.

"सिस्टर, पाय हलतोय माझा."

"नाही हो काका, जागेवरच आहे. भुलीत वाटतं असं पुष्कळांना."

मास्तर यंत्रात वाढलेले. त्यांना पटलं. पण नुसत्या वाटण्याला एवढा तपशील असतो? तळव्याला गार फरशी लागत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची फुटकी लादी टोचली. मग काथ्याचं पायपुसणं आलं, आणि पाय ते सरळ ओलांडून आत गेला. डावा पाय या सगळ्यात कुठेच नव्हता.

पडद्यावर चिमट्याने पांढरा तुकडा धरला. "निघाला," सर्जन म्हणाला. थोड्या वेळाने त्याने ट्रेमध्ये पाहिलं. "गेला कुठे?"

"पाण्याबरोबर नळीत गेला असेल," कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळी घरी सोडताना सिस्टरने त्यांचा उजवा तळवा पुसला. बोळ्यावर पांढरी पूड आली.

"पावडर कसली ही?" तिने विचारलं.

"तुमच्या हातमोज्यांची असेल."

"आमच्या हातमोज्यांना पावडर नसते, काका," ती म्हणाली, आणि तिने दुसरा बोळा घेतला.

पुढे कुबड्या आल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबणं आलं, पाय सरळ उचलून धरणं आलं. मास्तर शहाण्या मुलासारखे सगळं करत राहिले. सूज उतरली. 'कट्' तर पहिल्याच दिवशी गेला होता.

दीड महिन्याने ते ताईच्या जिन्याशी उभे राहिले. कठड्याला हात न लावता चढले. पहिला मजला, फुटकी लादी, दुसरा, तिसरा. गुडघा नव्या लिफ्टसारखा गुपचूप. शेजारी दारात येऊन टाळ्या वाजवत होते. मास्तरांनी एकदोनदा मान झुकवून मानवंदना स्वीकारलीही.

ताईने दार उघडलं. जवळून ती केवढी लहान दिसत होती!

"बारीक झालीस, ताई."

"आणि तू ढोल. बस, तुझी खेळी आहे."

स्टुलावर कॅरम मांडलेला होता. अर्ध्यावर आलेला डाव. पांढरी एकच उरलेली, काळ्या ढीगभर, आणि राणी पार भोकाच्या काठावर.

"माझी खेळी?"

"तुझं ऑपरेशन होतं ना, त्या दिवशी आला. खेळला, आणि मधेच उठून जिन्यात गेला. बोलला नाही, पण नेम बरा आहे."

"कोण आला?"

"तुझाच की. त्या 'कट्'वरून ओळखला मी."

स्टुलापासून दारापर्यंत फरशीवर कॅरमच्या पावडरीची पावलं उमटली होती. सगळी उजवी.

मास्तर स्टुलाशी बसले. बहीण समोर होती, दोन वर्षांनी, हाताच्या अंतरावर. त्यांनी स्ट्रायकर लावला आणि टिचकी मारली. राणी गेली. पाठोपाठ शेवटची पांढरी.

"घेतली!" मास्तर ओरडले. ताईही हसली, पोटभर. राणी त्यांनी खिशात टाकली.

तेवढ्यात जिन्यात वाजलं.

कट्.

मास्तरांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा शांत होता.

कट्. आता अगदी दाराशी.

"एवढं कर, बाळ्या," सोंगट्या रचता रचता ताई म्हणाली, "दार उघडशील तेव्हा त्याला म्हणावं, पाय पुसून ये. एकच असला म्हणून काय झालं?"