त्रेचाळीस प्रश्न आणि एक बेट

भुंग्याने हात सोडवला तो नेमका चौकाच्या कोपऱ्यावर. सव्वादोन वर्षांचा, अकरा किलोंचा तिचा मुलगा. दिवसभर गुणगुणत इकडून तिकडे फिरायचा, म्हणून भुंगा. ती "अरे, अरे—" म्हणेपर्यंत तो एका उघड्या काचेच्या दारातून आत शिरलाही होता.

ती मागोमाग धावली. आत सहली ठरवून देणारी छोटीशी कचेरी होती. भिंतीवर काळा फळा, फळ्यावर खडूने लिहिलेल्या सहलींच्या तारखा... आणि खालच्या चार ओळी दोन्ही तळव्यांनी पुसून मोकळा झालेला भुंगा.

"पुस्स!" त्याने अभिमानाने जाहीर केलं.

टेबलामागचा माणूस उभा राहिला. पस्तिशीचा असेल. हातात खडू, बाहीला खडूची पूड.

"सकाळपासून लिहीत होतो," तो म्हणाला. "अक्षर इतकं वाईट आहे का हो?"

"माफ करा. याला नवीन खूळ लागलंय. लिहिलेलं काहीही दिसलं की पुसायचं. घरातली सामानाची यादीसुद्धा..."

"असू दे. चार सहली रद्द झाल्या, एवढंच."

तो हसला आणि तिला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. नुसतं माफी मागून निघून जाणं बरं दिसेना. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि भलतंच बोलून गेली.

"मला एका बेटावर जायचंय. कोमट पाण्याच्या समुद्रावर. याला घेऊन."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. पण ते खोटं नव्हतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. विहिरींचं, नळांचं, कधीकधी समुद्राचंही पाणी तिच्याकडे अर्ध्या लिटरच्या बाटलीतून यायचं. त्यातले क्षार ती दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत सांगू शकायची. मात्र त्या पाण्यात पाय बुडवायची वेळ कधी आली नव्हती. भुंगा पोटात असताना नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. कागदोपत्री सगळं शांतपणे मिटलं. तेव्हापासून ज्याला त्याला एकच वाक्य पाठ होतं, "आता मूल जरा मोठं होऊ दे, मग बघ." हे "मग" कुठल्या तारखेला येतं, ते कोणी सांगत नव्हतं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"आठ. बाळंतपणाची सोडली तर तीन वर्षांत पहिल्यांदाच रजा मिळतेय. यंदा घेतली नाही तर बुडेल."

"बरोबर कोण?"

"हा," ती म्हणाली. भुंगा तेव्हा टेबलाखाली त्या माणसाच्या बुटाची नाडी सोडत होता.

*

मग दर बुधवारी दुपारी पाळणाघर बंद असलं की ती भुंग्याला घेऊन तिथे जाऊ लागली. येताना प्रश्नांचा कागद आणायची. तिकीटवाला (तिच्या आईने त्याचं हेच नाव पाडलं होतं) तो कागद बेटावरच्या हॉटेलला पाठवायचा आणि पुढच्या बुधवारी उत्तरं वाचून दाखवायचा.

"प्रश्न सात. खोलीपासून पाण्यापर्यंत अंतर किती? उत्तर— अगदी जवळ."

"अगदी जवळ हे कुठलं माप?"

"विचारून कळवतो."

"प्रश्न बारा? पाळण्याच्या दांड्यांमधली फट?"

"उत्तर— आमचा समुद्र फार सुंदर आहे."

तिने कपाळाला हात लावला. "मी फट विचारली. समुद्र कसा आहे ते विचारलं नव्हतं!"

"त्यांना तेवढंच येतं बहुतेक. विचारून—"

"—कळवतो. माहितेय मला."

त्याच्या 'विचारून कळवतो'ने तिला वीट आणला होता. होडी एक वाजता सुटते आणि भुंगा साडेबारा ते दोन झोपतो, म्हणजे त्याला झोपलेला उचलून होडीत चढवायचा का? विचारून कळवतो. अकरा किलोंच्या मुलाच्या मापाचं तरंगतं जाकीट तिथे मिळतं का? विचारून कळवतो. डायपरचा हिशोब तिने स्वतःच केला. दिवसाला सहा, आठ दिवसांचे अठ्ठेचाळीस, वर वीस टक्के जास्तीचे धरून अठ्ठावन्न.

"म्हणजे एक बॅग फक्त डायपरची?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्हाला काय वाटलं, मी तिथे रंगीत टोप्या घालून फिरणार आहे?"

"एखादी घ्या ना. निळी." तो कागदात डोकं खुपसून म्हणाला. "...चांगली दिसेल."

तिने ऐकलं नसल्यासारखं केलं. पण घरी गेल्यावर कपाटातला निळा रुमाल काढून ती उगाच आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःवरच चिडून तो परत ठेवून दिला.

भुंग्याचं मात्र त्याच्याशी मेतकूट जमलं होतं. तिकीटवाला त्याच्यासाठी फळ्याच्या खालच्या भागावर मुद्दाम काहीबाही लिहून ठेवायचा. भुंगा ते पुसायचा. हा पुन्हा लिहायचा. एवढ्या वेळात तिला दहा मिनिटं सलग बसायला मिळायची. अशी दहा मिनिटं तिला दुसरं कोणीच देत नव्हतं.

एकदा तिने विचारलं, "तुम्हाला स्वतःला कसं वाटलं ते बेट?"

त्याने आधी फळ्यावरची ओळ पूर्ण केली. मग खडू खाली ठेवत म्हणाला, "मी गेलो नाहीये. कुठेच. लोक सुटीवर जातात तेव्हाच आमचं काम जास्त असतं. अकरा वर्षं झाली."

"म्हणजे तुम्ही समुद्र...?"

"फोटोत. रोज बघतो. आणि तुम्ही?"

"बाटलीत," ती म्हणाली.

दोघंही इतकी हसली की भुंगा फळा सोडून बघायला आला.

*

सहाव्या आठवड्यात त्रेचाळीसच्या त्रेचाळीस प्रश्नांची उत्तरं आली. अंतर ऐंशी पावलं. फट सहा सेंटिमीटर. हॉटेलवाल्याने शेवटी हात टेकले होते आणि मोजपट्टी घेतली होती. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत पक्कं करायचं, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार.

मंगळवारी जेवताना तिने आईला सगळं वाचून दाखवलं. आई ऐकत होती. मग ताट बाजूला सारून म्हणाली, "सगळं खरं गं. पण हा वाळूत पाय कुठे टाकतो?"

"म्हणजे?"

"बागेतल्या वाळूच्या हौदाशी नेलं की किंचाळतो. मांजरासारखे पाय झटकतो. आख्खी बाग गोळा होते."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? सगळं त्या तिकीटवाल्याला विचारत होतीस."

तिने हातातली यादी पुन्हा उलगडली. पाण्याची खोली, पायऱ्यांची उंची, डॉक्टरचं घर... सगळं विचारून झालं होतं. फक्त ज्याला न्यायचं, त्याला वाळू चालते का, हे राहून गेलं होतं. प्रयोगशाळेतल्या नवख्या मुलीने अशी चूक केली असती तर तिने तिला अख्खी तपासणी पुन्हा करायला लावली असती.

बुधवारी ती कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "रद्द करा."

त्याने सगळं ऐकून घेतलं. यादी वरून खाली वाचली. "खरंच की. त्रेचाळीसमध्ये हा नाहीच." आणि मग, "विचारून—"

"कुणाला विचारणार? बेटाला?" तिचा आवाज चढला, आणि लगेच फुटलाही. "आई बरोबर म्हणते. सगळेच बरोबर म्हणतात. मूल मोठं झाल्यावरच..."

"त्याला विचारू," तिकीटवाला भुंग्याकडे बोट दाखवून म्हणाला. "अजून तीन संध्याकाळी आहेत. बाग कुठली?"

*

पहिल्या संध्याकाळी भुंगा हौदाच्या कडेवर उभा राहून असा काही ओरडला की पलीकडच्या बाकावरच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. तिने त्याला उचललं, समजावलं, रागावली. त्याने तिच्या केसांना धरून लोंबकळत निषेध नोंदवला.

दुसऱ्या संध्याकाळी तिकीटवाल्याने बूट काढले, मोजे बुटात नीट कोंबले, पँट दोन घड्या वर केली आणि स्वतःच हौदात उतरला.

"गुदगुल्या होतात हो," तो तिला म्हणाला. "पहिल्यांदाच उभा राहतोय."

"चेहरा जरा आनंदी ठेवा. तो बघतोय."

"हा माझा आनंदी चेहराच आहे."

भुंगा बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात वर केले. तिकीटवाल्याने त्याला उचलून आपल्या पावलांवर उभं केलं आणि तो हळूहळू चालू लागला. मोठ्या पावलांवर लहान पावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत. वाळूचा कणही न लागता भुंगा वाळूत फिरत होता, आणि गुणगुणत होता.

ती हौदाच्या काठावर बसून बघत होती. त्यांच्या फेऱ्या मोजायला लागली आणि दोनदा चुकली. 'दमले असेन,' तिने स्वतःला सांगितलं.

शुक्रवारची तिसरी संध्याकाळही अशीच गेली. भुंगा त्याच्या पावलांवरून खाली उतरायला तयार नव्हता. शेवटी तिकीटवाला दमून वाळूतच बसला. भुंगा त्याच्या मांडीवर चढून बसला, पाय वर घेऊन.

"निष्कर्ष काय काढायचा?" त्याने विचारलं.

"हाच की मुलगा वाळूत चालतो," ती सावकाश म्हणाली, "पण फक्त तुमच्या पायांवर."

"माझे पाय बॅगेत मावायचे नाहीत. डायपर आहेत."

तिला हसू आलं नाही. तिने पर्समधून तो घडी पडलेला कागद काढला. शेवटच्या ओळीखाली पेनाने आकडा घातला, चव्वेचाळीस. पुढे काही लिहिलं नाही. मान वर न करता तिने विचारलं, "तुम्ही... याल का? वेगळी खोली. तुमचीही अकरा वर्षांची रजा साठली असेल ना..."

त्याने कागदावरचा तो आकडा वाचला. ती वाट बघत होती त्याच्या त्या सहा आठवडे डोकं उठवणाऱ्या उत्तराची.

"हे मला कुणाला विचारून कळवावं लागणार नाही," तो म्हणाला.

कानामागे ऊन लागावं तसं तिला झालं. पण सवय कुठे जाते! "मग लेखी द्या," ती म्हणाली.

खडू नव्हता. पेन तिच्या हातात होतं, ते त्याने मागितलं नाही. पुढे वाकून त्याने बोटाने वाळूत लिहिलं— हो.

भुंग्याचं गुणगुणणं थांबलं. त्याने त्या अक्षराकडे पाहिलं. मग तो मांडीवरून घसरत खाली उतरला, अनवाणी, सरळ वाळूत, आणि दोन्ही पायांनी ते अक्षर दणादणा पुसून टाकलं.

"पुस्स!"

दोघं श्वास रोखून बघत राहिली. भुंगा वाळूत उभा होता. पाय झटकत नव्हता. आणखी काही लिहिलंय का, ते शोधत होता.

"जमलं की त्याला," तिकीटवाला म्हणाला. आवाज थोडा खाली आला होता. "म्हणजे आता तुम्हाला माझ्या पायांची गरज..."

"अहो, किती त्रास द्याल?" ती वैतागून म्हणाली. "पायांसाठी विचारलं होतं का मी?"

तिने चपला काढून ठेवल्या, हौदात उतरली आणि तळहाताने थोडी वाळू सपाट करून तिकीटवाल्याला दाखवली.

"पुन्हा लिहा," ती म्हणाली. "आणि जरा मोठं. याला पुसायला वेळ लागेल असं."