तोफूवरची पाच बोटं

वेनिंग पहिल्यांदा सेनोच्या तोफूच्या शेडमध्ये शिरली ती पावसापासून कॅमेरा वाचवायला. सेनोने काही न विचारता कॅमेऱ्यावर केळीचं पान धरलं आणि स्वतः मात्र ओलाचिंब झाला. तेव्हाच तिला तो जरा आवडला... जराच हं!

गावाबाहेरचं अकराशे वर्षांचं देऊळ भूकंपात ढासळलं होतं. दगड गावभर पांगलेले, कुणाच्या पायरीत, कुणाच्या विहिरीवर. एकेका दगडाचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, संगणकात हुबेहूब दगड उभा करायचा आणि सगळी भिंत जुळवून जगाला दाखवायची, हे वेनिंगचं काम. आता फक्त त्या भिंतीवर कोरलेल्या गंधर्वाने आपल्या गंधर्वीपुढे केलेला हात तेवढा सापडत नव्हता. तो मिळाला की काम संपलं, वेनिंग परत जाकार्ताला.

सेनो रोज एक दगड घेऊन हजर. जावाच्या रीतीप्रमाणे तो तिला अदबीने 'म्बाक' म्हणायचा, ती त्याला 'मस'.

"म्बाक वेनिंग, हा नक्की तोच!"

"मस सेनो, हा वरवंटा आहे."

"असं? मग उद्या दुसरा आणतो."

तीन आठवडे हेच चाललं होतं. वेडा कुठला! पण त्याची यायची वेळ झाली की तिची नजर आपसूक वाटेकडे जायची.

शनिवारी त्याने गरम तोफू आणला. तिने पान उलगडलं आणि बघतच राहिली. पांढऱ्याशुभ्र तोफूवर पाच नाजूक बोटं उमटली होती.

"आज तोफू दाबायच्या दगडाखाली फळी घालायला विसरलात वाटतं?"

सेनोचा चेहरा खर्रकन उतरला.

ती तरातरा शेडमध्ये गेली. साच्यावरचा दगड दोघांनी मिळून उलटा केला. खाली गंधर्वाचा हात!

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज धुतो की मी तो..."

"आणि मला वरवंटे दाखवत होतात! का?"

"हा मिळाला असता तर तुम्ही गेला असता." तो खाली बघत म्हणाला, "उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत राहिलो... मला तुम्ही आवडता, वेनिंग. झालं, बोललो एकदाचं."

तिने रागवायचं ठरवलं, पण हसूच फुटलं.

"कॅमेरा घ्या. दगडाभोवती फिरत फोटो काढा, सावली पडू देऊ नका."

"पण साच्यातला ताजा तोफू? वजन नसलं तर बसणार नाही तो."

वेनिंगने साच्यावर फळी ठेवली आणि ऐटीत वर जाऊन बसली. "हे घ्या वजन!"

सेनोने साठ फोटो काढले. अर्ध्यांत दगड होता, अर्ध्यांत ती.

संध्याकाळी पडद्यावर दगड सरकत सरकत नेमका जागेवर बसला. गंधर्वाचा हात गंधर्वीपर्यंत पोचला होता. वेनिंगचे डोळे भरून आले.

"म्हणजे चाललात तुम्ही," सेनो हळूच म्हणाला.

"खरा दगड देवळात जाणार. उद्या साच्यावर काय ठेवाल?"

"बघू काहीतरी..."

"हा संगणकातला ठेवा."

"त्याला वजन कुठे असतं!"

"तेच म्हणतेय मी." तिने त्याचा हात हातात घेतला. "माझं काम इथूनही पाठवता येतं, सेनो. वजन नाही पाठवता येत... सांग, उद्या किती वाजता येऊ बसायला?"